दर चित्रामागे किती डॉलर

"मी निवडतो," एवढे दोनच शब्द व्हर्नन साबो नाश्त्याच्या टेबलावर बोलला, आणि त्याचे तीन आठवडे गेले.

बोलायची गरज नव्हती. बायको, डोरीन, अंड्यावर मीठ टाकत सहज म्हणाली होती, "कॉम्प्युटरला नवं ग्राफिक्स कार्ड लागणार. लायलला विचारते. त्याला त्यातलं कळतं."

लायल हा डोरीनचा धाकटा भाऊ, चार गल्ल्या सोडून राहणारा. त्याला सगळ्यातलंच कळतं. (आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघतं. व्हर्ननचा राग त्याचाच होता.)

व्हर्ननने टोलीडोतल्या काचेच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. केसाएवढा तडा त्याच्या नजरेतून सुटला नाही. तपासलेल्या प्रत्येक कागदाखाली तो लिहायचा, 'तपासले. व्ह. सा.' आता निवृत्तीनंतर वाणसामानाच्या यादीखाली लिहितो.

"कधीपर्यंत हवंय?" त्याने विचारलं.

"चौदा मार्च. शनिवार, दुपारी तीन."

डोरीन सत्तराव्या वर्षी विमान चालवायला शिकली. कॉम्प्युटरवर. तिच्यासारख्या सहा बायका, कोणी कॅन्ससची, कोणी विनिपेगची, दर शनिवारी आपापल्या घरात बसून एकत्र उडायच्या. चौदा तारखेला डोरीनची परीक्षा होती. दोन डोंगरांमधल्या आखूड धावपट्टीवर विमान उतरवलं, तर यापुढे सगळ्यांच्या पुढे तिचं विमान. नाही उतरलं, तर विनिपेगची बर्निस पुढे आहेच, गेली तीन वर्षं. पडद्यावर चित्रं भराभर उमटवणं हे ग्राफिक्स कार्डाचं काम, पण डोंगर जवळ आले की डोरीनच्या पडद्यावरचं चित्र अडखळायचं. थांबायचं, मग एकदम उडी मारायचं. तेवढ्यात विमान नदीत.

"बर्निस म्हणाली, पुढच्या वेळी होडीच घेऊन ये," डोरीन म्हणाली. हसत म्हणाली, पण तिने अंडं तसंच ठेवलं.

व्हर्ननने चौकटीच्या कागदाची वही काढली. पाच रकाने पाडले. कार्डाचं नाव. किंमत. सेकंदाला किती चित्रं दाखवतं. दर चित्रामागे किती डॉलर. कुठे मिळेल.

त्याच महिन्यात तीन नवी कार्डं एकाच दिवशी बाजारात येणार होती. एक स्वस्त, एक मधलं, एक महाग. त्यांची परीक्षा करणारी माणसं इंटरनेटवर ढीगभर. एकजण म्हणाला, मधलं कार्ड सेकंदाला ब्याण्णव चित्रं दाखवतं. दुसरा म्हणाला, एकशे चार. तिसऱ्याने मोजण्याआधी वीस मिनिटं स्वतःबद्दलच सांगितलं. कारखान्यात असा तपासनीस दुपारच्या जेवणापर्यंत टिकला नसता. किमतींचंही तेच. कंपनीने जाहीर केलेली किंमत एक, दुकानातली दुसरी. जाहीर किमतीला कार्ड मिळालेला माणूस कुठे भेटेना.

दुसऱ्या आठवड्याअखेर फ्रिजच्या दारावर आठ कागद लागले. दाराची मूठ दिसेनाशी झाली.

"दूध संपलंय," डोरीन म्हणाली.

"मधल्याचा दर सहा डॉलर अकरा सेंट पडतो."

"दुधाचा?"

व्हर्ननचा भागाकार चालू होता.

बारा तारखेला कार्डं आली. दुकान दोन तासांवर. नऊला उघडायचं, व्हर्नन सहाला पोचला. घडीची खुर्ची, घोंगडी, थर्मासमध्ये कॉफी. त्याच्या पुढे एक्केचाळीस माणसं तशाच खुर्च्यांवर बसलेली. शेजारच्या खुर्चीवर चाळीसएक वर्षांचा एक दाढीवाला होता.

"साहेब, तुमचा डबा केवढा आहे? कॉम्प्युटरचा? महागातलं कार्ड तेरा इंच आहे हां."

व्हर्ननने तीन आठवड्यांत सगळं मोजलं होतं. डबा मोजला नव्हता.

"पुरेसा आहे," तो म्हणाला. नाहीतरी महागातलं घ्यायचंच कुठे होतं? त्याच्या तक्त्यात ते सगळ्यांत खाली होतं.

दहा वाजता त्याचा नंबर लागला. काउंटरवर एक बाई होती.

"मधलं द्या."

"मधलं संपलं. स्वस्तही संपलं. हेच उरलंय."

आठ कागदांचा निकाल दोन शब्दांत लागला. व्हर्ननने महागातलं कार्ड घेतलं आणि परत येताना रेडिओ लावला नाही.

कार्ड डब्यात बसेना. आतली एक पत्र्याची चौकट आड येत होती. शुक्रवारी त्याने करवत काढली.

"कार्ड बसवतोयस की नळ दुरुस्त करतोयस?" डोरीन आतून ओरडली.

"बसतंय."

बसलं. पडद्याची वायर त्याने काढली तशी परत लावली. जिथून काढलं तिथेच लावायचं, हा कारखान्याचा नियम. चार वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर त्यानेच जोडला होता. मागे वायरीसाठी दोन भोकं होती, एक वर, एक खाली. वरचं जवळ होतं, वायर ताणावी लागली नाही. झाकण लावलं. नववा कागद फ्रिजवर गेला, अंतिम.

शनिवारी अडीच वाजता डोरीन सरावाला बसली. व्हर्नन मागे उभा राहिला, हाताची घडी घालून. डोंगर आले. चित्र थांबलं. उडी मारली. नदी.

"कार्ड तापायला वेळ लागत असेल," तो म्हणाला.

"विमानाला बुडायला लागत नाही."

तिने पुन्हा उडवलं. पुन्हा नदी. डोरीनने कानावरचा हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"बर्निसला कळवते, बरं नाही म्हणून," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.

व्हर्ननने घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं होती. लायलला बोलाव असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर तो नाही म्हणाला असता. त्याने फोन उचलला, नंबर लावला आणि म्हणाला, "ये." मग थोड्या वेळाने, "हो, आत्ता."

लायल घरातल्या सपातांवरच बर्फातून आला, तोंडात घास. त्याने पडद्याकडे पाहिलं नाही. नव्या कार्डाकडे पाहिलं नाही. टेबलामागे वाकला.

"व्हर्न, वायर वरच्या भोकात कोणी घातली?"

"ती तिथेच असते."

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"अरे, वरचं भोक कॉम्प्युटरचं स्वतःचं. कार्डाचं खालचं. तुझ्या कार्डाचं चित्र बाहेरच येत नाहीये. नुसतं आत बसून वीज खातंय. म्हणजे जुनं कार्डसुद्धा…"

आणि लायल गप्प बसला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. व्हर्ननला ते बोलण्यापेक्षा जड गेलं.

लायलने वायर खाली लावली. तीनला डोरीन निघाली. डोंगर आले आणि लोण्यासारखे सरकत बाजूला झाले. धावपट्टी आली. चाकं टेकली, विमान थोडं डुललं आणि थांबलं. स्पीकरमधून बर्निसचा आवाज आला, "डोरीन, होडी विकून टाक."

डोरीनने मागे हात केला. तो धरायला आधी कोणाचा हात पुढे झाला, भावाचा की नवऱ्याचा, हे व्हर्ननने पाहिलं. त्याचाच झाला होता. लायलच्या हातात अजून सँडविच होतं.

रविवारी व्हर्ननने नवं कार्ड काढून खोक्यात घातलं, दुकानात परत न्यायला. जुनं बसवलं. वायर खाली. डोरीनने विमान तीनदा उतरवलं, एकदा एका हाताने कॉफी पीत.

सोमवारी सकाळी तो दूध काढायला फ्रिजकडे गेला. नवव्या कागदावर तीन कार्डांखाली चौथी ओळ होती. अक्षर डोरीनचं.

जुनं कार्ड, वायर खाली. किंमत: शून्य. चित्रं: पंच्याहत्तर. दर चित्रामागे: शून्य. कुठे मिळेल: लायलकडे.

व्हर्ननने चष्मा लावला. पाचही रकाने दोनदा पाहिले. भागाकारसुद्धा करून पाहिला. चूक सापडली नाही. मग त्याने खिशातली पेन्सिल काढली आणि खाली लिहिलं, 'तपासले. व्ह. सा.'