दीर्घिकेचा कडक उपवास

आमच्या सोसायटीच्या मधल्या इमारतीत, तळमजल्यावर, माझ्या आत्याच्या शेजारी एक रेडिओ दीर्घिका, म्हणजे रेडिओलहरी सोडणारी अख्खी आकाशगंगा, राहते आणि साऱ्या आवारातला वायू तीच तापता ठेवते.

तिची पद्धत साधी आहे. वायू निवला की मध्याकडे उतरतो. ती त्यातला घासभर खाते आणि दोन बाजूंना दोन झोत सोडते. झोतांचे फुगे होतात, फुगे वर चढताना वायू ढवळतात, वायू पुन्हा तापतो. कॉलेज सोडलेल्या मलाही हे कळतं. कमिटीला कळत नाही, कारण कमिटीत सगळे निवृत्त आहेत आणि निवृत्तांना सगळं आधीच कळलेलं असतं.

झोतांमुळे चेअरमन खासनीसकाकांच्या रेडिओवर भक्तिगीतांत खरखर येई. सभा भरली.

"अपचन आहे तिला," काका म्हणाले. "कडक उपवास करवा. पोट साफ, आवाज बंद."

"काका, तिनं खाल्लं नाही तर वायू गार पडेल."

"तू बी.एस्सी. पूर्ण केलंस?"

"नाही."

"मग बस खाली."

ठराव एकमताने झाला. नंतर साबुदाणा वडे होते. एकादशीला दुप्पट खाणारी माणसं दुसऱ्याच्या उपवासाबाबत फार कडक असतात.

दीर्घिकेच्या दाराला फळ्या ठोकल्या. खरखर थांबली, काकांनी पेढे वाटले. मग वायू निवला, जड झाला आणि आत्याच्या दाराशी साचला. तिला दार उघडेना. भिंती गारठल्या. स्वयंपाकघरात तर वायू इतका दाटला की ओट्यावर एक तारा जन्मला.

काका खिडकीतून ओरडले, "प्रमिलाताई, फ्लॅट रिकामा करा, मुलाकडे जा! आता उपवास मोडता येत नाही!"

"घर माझं आहे, खासनीस," आत्या आतून म्हणाली. "तुमचं नुसतं पद आहे."

मी फळ्या उपटल्या. कुणी अडवलं नाही. त्यासाठी गारठ्यात उतरावं लागलं असतं. दीर्घिका पोटभर जेवली. दोन फुगे सुटले. एकानं जाता जाता कमिटीचं कार्यालय उचलून नेलं. आवारात ऊब आली, आत्याचं दार उघडलं.

सर्वांत आधी आत शिरले ते काका. ओट्याकडे बघून म्हणाले, "हा एकटाच आहे? एकट्यांना आपण सोसायटीत राहू देत नाही. कुटुंब लागतं."

आत्या ताऱ्याला टोपडं बांधत होती.

"आहे की कुटुंब," ती म्हणाली. "आणि जाताना दार ओढून घ्या. नुकताच जन्मलाय, वारा लागेल त्याला."

काकांनी दार ओढून घेतलं.