सासऱ्यांचं पान आणि मंजी

हरिणाक्षीच्या घरात कुत्र्यांना वाढायचं म्हणजे आधी कड्या तपासाव्या लागत. टिप्पूला न्हाणीघरात कोंडायचं, मंजीला मागच्या पडवीत बांधायचं आणि दोघांच्या थाळ्या धुऊन पालथ्या घातल्यावरच दारं उघडायची. टिप्पू सासऱ्यांचा, मंजी हरिणाक्षीनं मल्पेच्या बंदरावरून उचलून आणलेली. एरवी दोघं एकमेकांच्या पाठीवर मान टाकून झोपत, पण मध्ये भाताचं शीत पडलं की हाडवैरी. परवा नवऱ्याच्या, जयकरच्या हातून सुक्या बांगड्याचा तुकडा खाली पडला. दोघं त्याच्यावर झेपावली, आणि बांगडा राहिला बाजूला, जयकरच्या पोटरीला पाच टाके पडले.

त्यात आटी, म्हणजे पितरांना जेवू घालायचा महिना, लागला. गेल्या साली वारलेल्या सासऱ्यांना पान वाढायचं म्हणून मुडबिद्रीहून थोरली नणंद वेदावती आली. तिनं पोटरी पाहिली आणि निकाल दिला.

"आज पान उचललं की ती बंदरावरची माझ्या रिक्षात. होती तिथे सोडून देते."

"अक्का, चावला तो टिप्पू!"

"टिप्पू अप्पांचा आहे. काय रे, जयकर?"

जयकरनं मान हलवली. अक्कापुढे त्याची मान एकाच बाजूला हलायची. हरिणाक्षी कांदा चिरायला बसली, रडायला तेवढंच निमित्त. मंजी गेली तर आपण घरात शिरताना आनंद होणारं कुणीच उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दिवेलागणीला आतल्या खोलीत केळीचं पान मांडलं. कोंबडीची आमटी, कुरकुरीत रोट्या, तळलेला बांगडा, पेलाभर माडी आणि एक विडी. अक्कानं दार ओढून घेतलं. आता बाहेरून तीनदा टकटक करेपर्यंत आत कुणी डोकावायचं नाही, बाहेर कुणी बोलायचं नाही.

"कुत्र्यांचं काय केलंत?" हरिणाक्षीनं नवऱ्याला हळूच विचारलं.

"केली व्यवस्था," जयकर म्हणाला. त्याची व्यवस्था तिला माहीत होती.

बाहेर पाऊस थांबला होता. पागोळ्यासुद्धा गळायच्या थांबल्या. आणि बंद दाराआडून गुरगुर ऐकू आली. खोल, संथ, घशातल्या घशात.

अक्काचा हात गळ्यातल्या मण्यांवर गेला. "अप्पा!"

"अगदी त्यांचीच," जयकर पुटपुटला. "त्यांच्या ताटाकडे कुणाचा हात गेला की अस्सेच करायचे."

हरिणाक्षीला घाम फुटला तो वेगळ्या कारणानं. दोरी सुटली! मंजी आत शिरून पितरांची कोंबडी खातेय! अक्कानं दार उघडलं तर रिक्षाचीही वाट पाहणार नाही. तिनं डोळे मिटले आणि आयुष्यातली सर्वांत मोठी थाप ठोकली.

"मामाच आहेत ते. रागावलेत. घरातल्या मुक्या जिवाला हाकलायचं म्हणून."

गुरगुर वाढली. दाराची कडी थरथरायला लागली. अक्का गुडघ्यांवर बसली.

"अप्पा, चुकले! कुत्री राहील! मरेपर्यंत इथंच राहील, तुमच्या पायाची शपथ! जयकर, तूही म्हण!"

"राहील, राहील!" जयकरनं या वेळी मान दुसऱ्या बाजूलाही हलवली.

एकदम शांत झालं. हरिणाक्षीला अक्काला मिठी मारावीशी वाटली. आता दार उघडण्याआधी मागच्या खिडकीतून मंजीला बाहेर काढलं की झालं. "पाणी घेऊन येते," म्हणत ती मागे धावली. पडवीत दोरी नुसतीच लोंबत होती. जाता जाता टिप्पू तरी नीट कोंडलाय ना, म्हणून तिनं न्हाणीघराची कडी काढली.

आत दोघंही होती. नवऱ्यानं दोघांना एकत्र कोंडून, मध्ये भाताची एकच परात ठेवून, हात झटकले होते. या दोघांनी एव्हाना एकमेकांचे कान तोडायला हवे होते. पण टिप्पू आणि मंजी अंगाला अंग चिकटवून कोपऱ्यात बसली होती. परातीला कुणी तोंड लावलं नव्हतं. दोघांच्या पाठीवरचे केस उभे होते आणि दोघं टक लावून आतल्या खोलीकडच्या भिंतीकडे पाहत होती.

भिंतीपलीकडे हाड कडकन फुटलं. मग कुणीतरी माडीचा सावकाश घोट घेतला.

"हरिणाक्षी!" माजघरातून अक्काचा आवाज आला. "बराच वेळ झाला. टकटक करायचं ना? ये, दार तू उघड!"

हरिणाक्षीनं न्हाणीघराची कडी आतून लावली.

"तुम्हीच उघडा, अक्का," ती म्हणाली. "तुम्ही पोटची लेक. मी काय, परक्या घरची."

ती खाली बसली. मंजीनं जरा सरकून टिप्पूच्या आणि स्वतःच्या मध्ये तिला जागा करून दिली.