शंभर टक्के तपासणी

मनोहररावांचा कॉम्प्युटर सकाळपासून सुरू होत होता, पण पुरता सुरू काही होत नव्हता. बटण दाबलं की काळ्या पडद्यावर डिस्कची तपासणी लागे, टक्के चढत आणि मध्येच सगळं गचकून पुन्हा पहिल्यापासून. आत समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे तीनशे बारा बायोडाटे अडकले होते. फाईल संध्याकाळी सहापर्यंत छापखान्यात हवी होती आणि दुसरी प्रत कुठेही नव्हती. पेनड्राइव्ह हरवतो, म्हणून मनोहररावांनी तो कधी घेतलाच नव्हता.

शेजारचा अमोल पाहून "व्हायरस" म्हणाला. जावई पियुष "हार्डडिस्क गेली" म्हणून मोकळा झाला. मनोहररावांनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेलं. त्यांनी हात टेकले नाहीत, वहीत नोंदी केल्या. शेवटी कामठीहून दुरुस्तीवाला अंकित आला.

"बस बाबू, किती तापून राहिलं," म्हणत मनोहररावांच्या पत्नी शोभाताईंनी त्याच्यासाठी कूलर लावला आणि पन्हं आणलं. घोट घेईपर्यंत पडदा चौदा टक्क्यांवर गचकला.

अंकितनं कॉम्प्युटरचा डबा उघडला, आतले भाग पुसून पुन्हा बसवले. या वेळी नऊ टक्के. "डिस्क तर चांगली वाटून राहिली, काका."

"मग हे काहून होते, तेच मले पाहायचं आहे." मनोहररावांनी वही पुढे केली. "अमोल होता तेव्हा अठरा. जावई होते तेव्हा अकरा. मी एकटा होतो तेव्हा एकसष्ट."

"एकसष्टले काय झालं?"

"काही नाही. ही बाजारातून आली."

अंकित शोभाताईंकडे वळला. "काकू, तुमी आल्या आल्या काय केलं?"

"काय करणार? हे घामानं निथळून राहिले होते. कूलर लावला."

अंकित खाली वाकला. कालच माळ्यावरून काढलेला कूलर थरथरत होता, आणि कूलर-कॉम्प्युटर दोघांचा मिळून एकच एक्स्टेन्शन बोर्ड त्याच्याच स्टँडला सुतळीनं बांधलेला होता. कॉम्प्युटरची ढिली पिन तालावर डुलत होती. येणाऱ्या प्रत्येक जाणकाराला शोभाताई मायेनं वारा घालत होत्या आणि मशीन बंद पाडत होत्या.

कूलर बंद झाला. तपासणी पुन्हा लागली. पिनेला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती, म्हणून पंचेचाळीस अंशांत तिघं दीड तास नुसते टक्के पाहत बसले. शोभाताईंचा हात दोनदा कूलरच्या बटणाकडे गेला, दोनदा मनोहररावांनी तो धरला. साडेपाचला शंभर झाले. बायोडाटे शाबूत होते. मनोहररावांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी ओल्याचिंब अंकितकडे निरखून पाहिलं. "लगन झालं काय गा तुयं?"

"नाही, काका. काहून?"

मनोहररावांनी तीनशे तेरावं पान उघडलं. नाव, गाव, धंदा भराभर लिहून झालं. "अपेक्षा काय लिहू? शिक्षण? रंग?"

अंकितनं गळ्यावरचा घाम पुसला आणि बराच विचार केला.

"तसं काही नाही, काका. फक्त सासरी कूलरचा बोर्ड वेगळा पाहिजे."