खिडकीबाहेरचा प्रॉम्प्टर

गुंजनच्या खोलीत दोन कॅमेरे लागणार आणि पुण्याचा कुणी एक माणूस त्यातून दुपारभर तिच्याकडे बघत बसणार, हे कळलं तेव्हा सुलोचनाबाई तांदूळ पाखडत होत्या. त्यांच्या हातातलं सूप थांबलं.

"कोन मानूस?"

"पंच," गुंजन म्हणाली. "मी चिटिंग त नाही करून राहिली, हे पायते तो."

"कितीक वेळ पायते?"

"गेम होयेपर्यंत. तीन घंटे, चार घंटे."

"लगन झालं हाये का त्याचं?"

स्पर्धेच्या नियमांत याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे गुंजन गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काहीतरी लपवते आहे, असं तिच्या आईने धरून घेतलं. संशयाला एवढं पुरतं.

स्पर्धा साधीसुधी नव्हती. कितीतरी देशांतली मुलं आपापल्या घरी बसून कॉम्प्युटरवर एकमेकांशी बुद्धिबळ खेळत होती आणि त्यांत सडक अर्जुनीच्या टिकारामची दहावीतली मुलगी वरच्या नंबरांत होती. आता शेवटची फेरी उरली होती आणि समोर रोमानियाचा एक मुलगा होता. त्याच्याशी बरोबरी झाली तरी गुंजन अल्माटीच्या अंतिम सामन्यांना जाणार होती, आणि तिथे मात्र प्रत्यक्ष जायचं होतं, विमानाने. टिकारामची थोडी धानाची शेती आणि कोहमाऱ्याच्या चौकात टायरचं दुकान. पोरगी फॉरेनला चालली हे त्याने दुकानात येणाऱ्या प्रत्येक ट्रकवाल्याला सांगून ठेवलं होतं. बातमी एव्हाना रायपूरच्या पुढे गेली असणार.

पण नियम कडक होते. शेवटच्या फेरीत वरच्या खेळाडूंवर प्रत्येकी एक पंच. एक कॅमेरा समोर, एक पाठीमागे, माईक चालू, खोलीत दुसरं कुणी नको. जरा काही संशयास्पद दिसलं तर डाव गेला, आणि फसवणूक करणाऱ्यांत नाव लागणार ते वेगळंच. गुंजनला हरायची भीती नव्हती. या दुसऱ्या गोष्टीने मात्र तिला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

"पोरगी एकटी, दार बंद, आन् तिकून तो मानूस पायते," सुलोचनाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी बसतो तिच्याजवळ."

"चालत नाही म्हनते ना ते."

"कायले चालत नाही? आपलं घर हाये का त्याचं?"

शेवटी तोड निघाली. खोलीत कुणी बसायचं नाही, पण खिडकीबाहेर अंगणात टिकारामचा धाकटा भाऊ जागेश्वर बसेल आणि पंचावर कान ठेवेल. पंच काही आगाऊ बोलला तर जागेश्वर हाक मारेल. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात. त्या भलत्याची सुरुवात इथे झाली.

कारण जागेश्वर प्रॉम्प्टर होता. दिवाळी झाली की होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे या धानाच्या मुलखात, गावोगाव नाटकं होतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात, पाठांतराला सवड कुणाला? सगळा खेळ प्रॉम्प्टरच्या जिभेवर चालतो. जागेश्वरने अर्धं आयुष्य रंगमंचाच्या कडेला बसून दुसऱ्यांची वाक्यं त्यांच्या तोंडात घातली होती, आणि तो असताना एकही नट कधी उघडा पडला नाही, याचा त्याला अभिमान होता. बुद्धिबळातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंच पडद्यावर आले. चष्मा, नीट भांग, मागे पुस्तकांचं कपाट. नाकासमोर चालणारा माणूस, पण धंदाच संशयाचा.

"कॅमेरा फिरवून मला खोली दाखवा," ते म्हणाले. कॅमेरा टिकारामने धरला होता. "त्या पोत्यांच्या मागे काय आहे?"

"भित हाये, साहेब."

"पोती सरकवता का जरा?"

टिकारामला ही मागणी आवडली नाही. याला बुद्धिबळ बघायचं की धान? हा पंचच आहे की सरकारी धान खरेदी केंद्राने पाठवलेला कुणी? पण पोरीकडे बघून त्याने पोती ओढली. मागे भिंतीत एक भोक निघालं.

"ते कसलं भोक आहे?"

"उंदराचं."

"आत काय आहे?"

"उंदीर."

"दाखवू शकाल?"

"साहेब, या टायमाले तो घरी राहत नाही," टिकाराम म्हणाला आणि घाम पुसत बाहेर गेला. पंचांनी काहीतरी टिपून घेतलं.

डाव सुरू झाला. सुरुवातीच्या चाली भराभर झाल्या. मग रोमानियाच्या मुलाने एक अवघड चाल केली आणि गुंजनने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ती अशी विचारात बुडाली की तिच्या कानाशी बँड वाजवला तरी कळलं नसतं. घर रस्त्याला लागून, त्यामुळे बाहेर ट्रक वाजत होते आणि खोलीत काहीच वाजत नव्हतं.

खिडकीखाली जागेश्वर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत बसला होता. आधी त्याला शांतता बरी वाटली. मग ती लांबली, आणि त्याने खर्रा बाजूला ठेवला. इतका वेळ रंगमंचावर शांतता म्हणजे नट अडकला, हा त्याचा आजवरचा अनुभव. त्याने उठून गजांतून डोकावलं. पोरगी डोकं धरून बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, आणि समोरून परका माणूस टक लावून बघतो आहे. पुतणी फॉरेनच्या लोकांपुढे वाक्य विसरली.

नाटक कोणतं ते माहीत नव्हतं. म्हणून त्याने कुठेही चालेल असं वाक्य निवडलं आणि खास धंद्याच्या आवाजात सोडलं. "आई... मी निर्दोष आहे..."

गुंजनने ते ऐकलंही नाही. तिचा विचार तेवढ्यात पुरा झाला होता. तिने चाल केली, आणि ती नेमकी चांगली होती. जागेश्वर समाधानाने खाली बसला. लागू पडलं.

पुढच्या वेळी ती थांबली तेव्हा त्याने पुन्हा वाट पाहिली आणि मग दुसरं वाक्य दिलं. "हे कुंकू मी कुणाच्या नावानं लावू..." चाल झाली. तिसऱ्या वेळी, "थांबा, पाटील, हा अन्याय आहे..." चाल झाली. तो अगदी असह्य झाल्यावरच बोलायचा, आणि तोवर पोरीचा विचार पुरा होतच आलेला असायचा. हे साधं गणित होतं, पण ते जागेश्वरच्या लक्षात आलं नाही, आणि पुण्यात बसलेल्या पंचांच्या तर मुळीच नाही. त्यांना फक्त इतकं दिसत होतं की मुलगी अडते, खिडकीतून कुजबुज येते आणि लगेच उत्तम चाल होते. शिवाय एका चालीआधी ट्रकने दोनदा हॉर्न दिला होता. तोही त्यांना आता सरळ वाटेना.

त्यांनी डाव थांबवला. दोघांचीही घड्याळं थांबली.

"गुंजन, खिडकीत कोण आहे?"

गुंजनने वळून पाहिलं. गजांमागे काकाचं अर्धं तोंड होतं.

"काका, तुमी काऊन इथं?"

"तुझ्या आईनं बसवलं," काका म्हणाला. "घाबरू नोको. मी हाओ ना."

हे वाक्य पंचांनी जसंच्या तसं उतरवून घेतलं.

जागेश्वरला आत बोलावण्यात आलं. त्याच्यामागे टिकाराम आला, आणि दोघांच्या मागे सुलोचनाबाई, कारण हा माणूस काय बोलतो ते त्यांना स्वतः ऐकायचं होतं.

"तुम्ही तिला काय सांगत होता?" पंचांनी विचारलं.

"वाक्य देत होतो, साहेब."

"कसली वाक्यं? 'आई, मी निर्दोष आहे' म्हणजे कुठली चाल?"

"चाल नाही, तिसऱ्या अंकातलं हाये ते. पोरगी कोर्टात उभी रायते."

"कोणती पोरगी?"

"नाटकातली. साहेब, हे चूप झाली ना. मानूस चूप झाला का माझा जीव खालीवर होते."

पंच बराच वेळ काही बोलले नाहीत. जागेश्वरचा जीव पुन्हा खालीवर होऊ लागला, पण त्याने स्वतःला आवरलं.

"तुम्हाला बुद्धिबळ येतं?"

"नाही."

"कशावरून?"

येत असलेली गोष्ट करून दाखवता येते. येत नसलेली कशी दाखवायची? जागेश्वर गोंधळला. पंच म्हणाले, "समोरचा पट बघा. तुम्ही असता तर कोणतं मोहरं हलवलं असतं?"

जागेश्वरने घाबरत पडद्यावर एका उंटाकडे बोट केलं आणि ते तिरपं ओढत एका चौकटीवर नेऊन टेकवलं. पंचांचा चेहरा बदलला. गुंजनने डोळे मिटून घेतले. ती स्वतः मघापासून तीच चाल करायच्या विचारात होती.

"काका," ती रडवेली होऊन म्हणाली, "दुसरं कायबी नाही का दाखवता आलं?"

"मले का माहीत? तिकडे जागा खाली होती."

"सर, काकाले खरंच येत नाही. मी शपथ घेते. तुमी मले काढलं त गावात तोंड दाखवता येनार नाही."

ती खरोखरच रडू लागली. सुलोचनाबाई पुढे झाल्या. "ओ पंचसाहेब. पोरीले रडवून राहिले तुमी. तिनं चोरी केली असं तुमाले वाटते, आन् तुमी कोन हाये हे आमाले तरी कुठं माहीत? तुमीबी आमाले अनोळखीच ना."

पंचांचाही नाइलाज होता. फसवणूक म्हणावी तर पुरावा नाटकाचा, आणि सोडून द्यावं तर उंट अगदी बरोबर चौकटीत. शेवटी त्यांनी असा हुकूम काढला, जो त्यांच्याच नियमांच्या उलटा होता. खिडकी बंद, आणि घरातल्या सगळ्यांनी गुंजनच्या पाठीमागे, कॅमेऱ्यात दिसेल असं बसायचं. हात मांडीवर, तोंड बंद. कुणाचेही ओठ हलले की डाव संपला. तो उंट मात्र गुंजनला हलवायचा नाही. हलवायच्या आधीच तो बदनाम झाला होता.

मंडळी सतरंजीवर बसली. जागेश्वरने स्वतःहून रुमालाचा बोळा करून दातांत धरला. डाव पुढे सुरू झाला.

आता गुंजनला नीट सुचेना. चांगली चाल केली तर संशय, वाईट केली तर हार. अशा धाकात तिचा वेळ वाहून गेला आणि घड्याळात जेमतेम काही मिनिटं उरली. पट मात्र अजून बरोबरीचा होता, आणि रोमानियाच्या मुलालाही तो तसाच वाटला असावा. त्याने बरोबरीचा प्रस्ताव पाठवला.

हेच तर हवं होतं. एक बटण दाबलं की अल्माटी. पण गुंजनचा हात उचलेना. पटकन घेतला तर पंचांना काय वाटेल, थांबून घेतला तर काय वाटेल, याच विचारात ती अडकली. घड्याळ उतरत होतं. टिकारामचे डोळे बाहेर येत होते. जागेश्वरने रुमालात इतके दात रोवले की कानशिलं दुखू लागली. पूर्ण घर चूप होतं. अगदी ट्रकसुद्धा वाजत नव्हता.

"अगं, घे ना ड्रॉ, वेळ संपतोय तुझा," असं कुणीतरी कळवळून म्हणालं.

आवाज पुण्याहून आला होता.

पडद्यावर पंचांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला होता. जागेश्वरने हळूच रुमाल काढला.

"साहेब," तो म्हणाला, "वाक्य तुमी देऊन दिलं."

पंच लाल झाले. गुंजनने घड्याळाकडे पाहिलं, मग कॅमेऱ्याकडे.

"सर, आता मी ड्रॉ घेतला त तुमी सांगतलेला होईन ना?"

"हो," पंच अगदी बारीक आवाजात म्हणाले. "होईल."

"मंग कसं करू?"

"ते मला सांगता येणार नाही."

गुंजनला राग आला. दिवसभरात पहिल्यांदाच आला, आणि तो बरा होता. तिने प्रस्ताव नाकारला, आणि हाताला लागलं ते कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं. त्या चालीला काही अर्थ नव्हता. मागे टिकारामने कपाळाला हात लावला.

पण रोमानियात भलताच प्रकार झाला. त्या मुलाने पाहिलं की पट बरोबरीचा, मुलीचा वेळ संपत आलेला, तरीही ती बरोबरी नको म्हणते आणि शांतपणे कडेचं प्यादं सरकवते. याचा अर्थ तिला काहीतरी दिसलं आहे. तो शोधू लागला. घोडा पाहिला, हत्ती पाहिला, बदनाम उंट तर पुन्हा पुन्हा पाहिला. जे नव्हतंच ते त्याला सापडेना, आणि सापडत नाही म्हणून त्याचा संशय वाढत गेला. त्याच्याजवळ वेळ गुंजनहून जास्त होता. तो सगळा त्याने त्या प्याद्यावर घालवला आणि त्याचं घड्याळ संपलं.

गुंजन जिंकली. सतरंजीवर कुणी हललं नाही, कारण हलायची परवानगी अजून मिळाली नव्हती.

"बोला आता," पंच म्हणाले. त्यांनी आपली चूक आपल्याच हाताने वर कळवली. वरच्यांनी बराच खल केला. पण मुलीने सांगितल्याच्या बरोबर उलट केलं होतं, त्यामुळे तिला मदत झाली असं कुणालाच म्हणता येईना. निकाल कायम राहिला.

कॅमेरा बंद करण्याआधी पंचांनी विचारलं, "गुंजन, एक सांग. त्या प्याद्यामागे काय होतं?"

"कायबी नव्हतं, सर."

"बरं, बरं," पंच ओळखल्यासारखं हसले. "नको सांगू."

टिकारामने कोहमाऱ्याला फोन लावला. सुलोचनाबाईंनी पोरीला जवळ घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि बरंच रडून झाल्यावर भाताला आधण ठेवायला आत गेल्या. अंगणात कुणी नाही असं बघून जागेश्वरने पुतणीला बाजूला घेतलं.

"खरं सांग, गुंजन. आखरीले मी त रुमाल धरून बसलो होतो. पंच बोलला, त्याचं तू घेतलं नाही. मंग तुले सांगत कोन होता?"

"कोनीच नाही, काका. खरंच."

जागेश्वरने मान डोलावली. धंद्यातला माणूस धंद्यातल्या माणसाचं नाव फोडत नाही, हे त्याला कळत होतं. मनाला लागलं जरूर, पण त्याने ते गिळलं.

"नाव नोको सांगू," तो म्हणाला. "पन त्याचा आवाज मले खोलीत बसून आयकू नाही आला, म्हंजे मानूस पक्का हाये. अल्माटीले त्यालेच घेऊन जाय."