गुहेचा नकाशा आणि सासूबाईंची केरसुणी

साल १९८३. गिरण्यांचा संप मिटायचं नाव घेत नव्हता. लालबागच्या आमच्या खोलीत हे भिंतीला कंटाळले होते आणि भिंत ह्यांना! त्यात बोटीवर नोकरीला असलेला धाकटा दीर शिवा सुट्टीवर आला, तो एक परदेशी खेळ घेऊन. पट नाही, सोंगट्या नाहीत! तो गुहेचं वर्णन करणार. आपण नुसतं बोलून आत शिरायचं, खजिना घेऊन बाहेर यायचं.

"जिंकलात तर सुट्टीभर खालच्या नळाचं पाणी मी भरीन, वहिनी!"

"आणि हरलो तर?"

"माझ्या आंघोळीचंही तुम्हीच भरा!"

माझे गुडघे तेव्हाच जिन्यावर कुरकुरायचे. म्हटलं, नकाशा माझ्याकडे! मंडळाच्या रांगोळी स्पर्धेत पहिला नंबर माझाच असायचा. गॅलरीत दारासमोर ठिपके टाकले आणि रांगोळीनेच गुहा काढायला बसले.

शिवाने नियम सांगितला, "नकाशा काढत गेलात तर गोगलगायीसारखे जाल. धावलात तर नकाशा नाही. आणि हातातली मशाल थोडाच वेळ टिकते, ती विझली की खेळ खलास!"

"डावीकडे वळ!" हे ओरडले.

"थांबा, कोपरा नीट येत नाहीये."

"अगं, गुहा आहे ती! हळदीकुंकू आहे का?"

शेजारची कौसल्या म्हणाली, "वहिनी, निदान कमळं तरी काढू नका!"

पण खजिना मिळाला! सोन्याने भरलेली पेटी! आम्ही सगळे उठून कठड्यापाशी नाचलो! मशाल फडफडायला लागली होती, पण नकाशा होता ना! "आता पळा!" मी खाली पाहिलं.

फरशी लख्ख!

सासूबाई केरसुणी घेऊन उभ्या. "दिवेलागणीची वेळ होत इली, नि दारात हो पसारो कसलो? तिन्हीसांजेक केर काढलो तर लक्ष्मी भायर जाता गो! म्हणान आधीच काढलंय."

"आई, लक्ष्मी आमच्या हातात होती!" हे किंचाळले.

मग अंदाजाने धावलो. भिंत. पुन्हा भिंत. मशाल विझली. सुट्टीभर शिवाने आंघोळ केली ती अगदी हत्तीसारखी!

पुढे शिवा बोट सोडून रत्नागिरीला स्थायिक झाला. आता बागेला पाणी घालतो, पंपाने. कौसल्या विरारला गेली. सासूबाई गेल्या, लक्ष्मीची काळजी करत. ह्यांची गिरणी उघडलीच नाही. तिथे मॉल झाला. परवा आम्ही दोघं तो बघायला गेलो आणि बाहेरची वाटच सापडेना.

हे पुढे तरातरा चालले होते. मागे वळून मोठ्या आशेने म्हणाले, "इतकी हळू येतेयस, म्हणजे नकाशा काढतेयस ना?"

"नाही हो," मी म्हटलं, "गुडघे!"