घरच्या माणसाला थँक्यू

नरहरी देशकरांनी आयुष्यात मोठे निर्णय कधी घेतलेच नाहीत. रेल्वेतली नोकरी वडिलांनी लावून दिली, बायको मामांनी अमरावतीहून शोधून आणली, आणि रायपूरच्या चौबे कॉलनीतलं घर सुशीलाबाईंनी पाहिलं, त्याची घासाघीस केली, पसंत केलं आणि मग नवऱ्याला दाखवलं. त्यामुळे रिटायर झाल्यावर एका गुरुवारी त्यांनी स्वतःच्या बुद्धीने एक अगदी छोटासा निर्णय घेतला, तर दुपारपर्यंत त्यांच्या छातीला ईसीजीच्या वायरी कशा काय लागल्या, हे जरा नीटच सांगायला हवं.

निर्णय एवढाच, की बायकोला थँक्यू म्हणायचं.

ही अवदसा त्यांना आपली आपण आठवली नव्हती. त्यांची मुलगी राधिका अमेरिकेत असते. तिची पोट्टी पिंकी पहिलीत आहे आणि दर रविवारी व्हिडिओवर आजोबांची शाळा घेते. त्या रविवारी सुशीलाबाई मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी ब्लाउजपीस आणायला पंडरीच्या कापडबाजारात गेल्या होत्या, आणि आजोबा तावडीत एकटेच सापडले.

"आजोबा, गुरुवारी आमचं थँक्सगिव्हिंग आहे. सगळ्यांना थँक्यू म्हणायचं. तुम्ही आजीला म्हणता?"

"म्हणतो ना बेटा, रोजच म्हणतो." (रेल्वेच्या नोकरीत गाडी कुठवर आली असं विचारलं, की 'बस, येतच आहे' म्हणायची सवय. ती अजून गेलेली नाही.)

"खोटं! मम्मी म्हणते तुम्ही कधीच नाही म्हणत. गुरुवारी म्हणा. मी विचारणार. प्रॉमिस?"

नातीला नाही म्हणायची टाप कुणाची आहे? नरहरींनी प्रॉमिस दिलं.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? पण देशकरांच्या घराण्यात थँक्यू हा प्रकार बँकेत, पोस्टात, फार तर रिक्षावाल्याला. घरच्या माणसाला थँक्यू म्हणणं म्हणजे त्याला परकं करणं. जेवण आवडलं तर ताट चाटूनपुसून उठायचं आणि काही बोलायचं नाही, ही कौतुकाची रीत. अगदीच जीव खूश झाला तर 'मीठ बरोबर आहे' म्हणायचं. हे वाक्य नरहरींनी आजवर दोनदा उच्चारलं होतं, आणि त्यातलं एकदा तर दुसऱ्याच्या घरी.

गुरुवार उजाडला. मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार, त्यामुळे सुशीलाबाईंनी न्हाऊन, पाटावर कलश मांडून, त्यावर नारळ ठेवून महालक्ष्मी बसवली होती. (अमेरिकेतही गुरुवारीच सण आहे हे कळल्यापासून, तिकडेसुद्धा मार्गशीर्षच पाळत असणार, असं त्यांचं पक्कं मत झालं होतं.) त्यांचा उपास होता. तरी नवऱ्याचा चहा वेळेवर आला, डॉक्टरांच्या हुकुमाप्रमाणे बिनसाखरेचा.

नरहरी उभे राहिले. का उभे राहिले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. शाळेत झेंडावंदनाला राहावं तसे राहिले.

"सुशीला," ते म्हणाले, "थँक्यू."

इथेच पहिली चूक झाली. ते बायकोला 'अवं' म्हणत. नावाने त्यांनी तिला लग्नातल्या उखाण्यानंतर हाक मारलीच नव्हती.

"काय म्हटलं?"

"थँक्यू म्हटलं. चहासाठी. म्हणजे... सगळ्यासाठीच. इतक्या वर्षांसाठी." (हे शेवटचं पिंकीने सांगितलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं.)

सुशीलाबाईंचा चेहरा पडला. "तब्येत बरी आहे ना तुमची? छातीत-गितीत काही होऊन राहिलं का?"

"काही नाई. म्हणावंसं वाटलं."

"पण काहून वाटलं?"

आता इथे 'पिंकीने सांगितलं' एवढं म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपत होती. पण नरहरींना मोह झाला. आयुष्यात एकदा चांगलं काम केलं, त्याचं श्रेय पहिलीतल्या पोरीला कशाला द्या? "असंच," ते गंभीरपणे म्हणाले, "आतून वाटलं."

आतून! सुशीलाबाईंच्या काळजात चर्र झालं. नरहरींच्या बहिणीचे, शांताताईंचे यजमान दिवाकरराव जन्मभर बायकोवर खेकसत आले. एका सकाळी मात्र 'शांते, तू होतीस म्हणून निभलं' असं म्हणाले, पोहे खाल्ले, आडवे झाले, ते उठलेच नाहीत. जाणारं माणूस आधी गोड बोलतं, ही गोष्ट त्या दिवसापासून सुशीलाबाईंच्या मनात घर करून बसली होती.

त्या तडक वळल्या. आत गेल्या, आणि थोड्या वेळाने दुसरा चहा घेऊन आल्या. साखरेचा. मागोमाग तूप सुटलेला शिरा आला.

नरहरींना वाटलं, वा! एका थँक्यूला एवढी ताकद आहे हे आधी कळलं असतं तर तरुणपणीच म्हटलं असतं. खुशीत त्यांनी अंघोळ उरकली आणि नेहमीप्रमाणे ओला टॉवेल गादीवर टाकला. सुशीलाबाई आल्या, त्यांनी टॉवेल उचलला, दोरीवर वाळत घातला आणि एक शब्द न बोलता गेल्या.

तेव्हा मात्र नरहरींच्या मनात पाल चुकचुकली. टॉवेलवरून बोलणी न खाता त्यांचा एकही दिवस गेला नव्हता. लग्नाच्या वाढदिवसालाही गेला नव्हता. ते दबक्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. आत फोन चालू होता.

"नीलेश, आजच ये. हो, आत्ता. आणि बाबांजवळ काही बोलू नको. त्यायले वाटू देऊ नको."

नरहरींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांना मागच्या आठवड्यातला दवाखाना आठवला. खोकला दाखवायला दोघं गेले होते. तपासून झाल्यावर ते औषधं घ्यायला बाहेर आले, आणि सुशीलाबाई आत डॉक्टरांशी बोलत राहिल्या. बाहेर आल्या त्या गप्प. रिक्षातही गप्प. म्हणजे डॉक्टरांनी हिला सांगितलं आहे! आणि ही माउली आठवडाभर एकटीच ते पोटात घेऊन फिरते आहे! मघाचा शिरा त्यांच्या छातीत अडकल्यासारखा झाला आणि तिथे खरंच दुखू लागलं.

एवढ्यात शेजारचे दयाराम भैया दारात उभे राहिले. खांद्यावर शिडी होती. ही शिडी नरहरींचीच. घर रंगवायला म्हणून दयारामांनी नेली, त्याला कितीतरी दिवाळ्या लोटल्या. मागून मागून नरहरी थकले होते.

"भैया, आपकी सीढी," दयाराम हळू आवाजात म्हणाले. "भाभीजी ने सुबह बताया. मैंने सोचा, किसी की चीज रखना ठीक नहीं. आप जैसा पडोसी अब कहां मिलेगा."

शिडी परत आली, म्हणजे आपलं काही खरं नाही, हे नरहरींना पुरतं कळून चुकलं.

दुपारी भिलाईहून मुलगा नीलेश आला. स्टील प्लांटमधून ड्यूटीवरून तसाच निघाला होता. आल्याआल्या वाकून पाया पडला. (एरवी तो 'हाय बाबा' म्हणून सरळ फ्रिज उघडतो.)

"बाबा, चलो, जरा घूम के आते हैं."

"कुठे?"

"ऐसे ही. बूढातालाब की तरफ."

बूढातालाबचं नाव घेऊन गाडी निघाली आणि दवाखान्यासमोर थांबली. नरहरी स्वतःच दार उघडून उतरले. छातीला वायरी लागल्या, मशीनने कागद ओकला. नीलेश डॉक्टरांच्या केबिनमध्ये एकटाच जाऊन आला, आणि बाहेर येऊन हसला.

"सब नॉर्मल है बाबा. एकदम नॉर्मल. टेंशन मत लो."

ज्याला काही सांगायचं नसतं त्याला असंच सांगतात, हे नरहरींना ठाऊक होतं. दिवाकररावांना दवाखान्यात नेलं तेव्हा त्यांनी स्वतःच शांताताईंना असं सांगितलं होतं. घरी आल्यावर सुशीलाबाईंनीही कागद बाजूला सारला. "मशीनले माणसाच्या आतलं काय समजते?" त्या म्हणाल्या आणि परत देवीसमोर जाऊन बसल्या.

परतताना वाटेतच नरहरींनी मनाशी ठरवलं होतं, की आता उरले असतील तेवढे दिवस बायकोला जपायचं. मरणाची भीती होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त त्यांना हे लागत होतं, की आपण गेल्यावर ही एवढ्या घरात एकटी चहा करेल आणि द्यायचा कुणाला म्हणून भांडं हातात धरून उभी राहील. त्या विचाराने त्यांना हुंदकाच आला. ते तडक मोरीत गेले आणि भांडी घासायला बसले.

"अहो, हे काय करून राहिले तुम्ही?"

"तू बस. उपास आहे तुले. मी तुले आयुष्यात कधी सुख दिलं नाई, सुशीला. साडीसुद्धा पंडरीबाहेरची कधी घेतली नाई."

झालं! परत सुशीला, आणि वर साडी. सुशीलाबाईंनी पदर तोंडात कोंबला. "नीलेश, पाह्य रे बाबा, भांडी घासून राहिले हे!" असं म्हणत त्या आत पळाल्या. नीलेश दारात उभा राहून भांडी घासणाऱ्या बापाकडे पाहत होता, आणि त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्या घरात मरायला टेकलेलं कुणीच नव्हतं, पण सगळे मिळून एका मरणाची तयारी करत होते.

संध्याकाळी देवीची आरती झाली, कहाणी वाचून झाली. (वाचताना सुशीलाबाईंचा आवाज तीनदा भरून आला. हळदीकुंकवाला आलेल्या बायका म्हणाल्या, यंदा किती भावपूर्ण वाचली!) बायका गेल्या. नैवेद्याची खीर तशीच झाकून होती, जेवायचं कुणाचंच मन नव्हतं. दयाराम भैयाही काळजीपोटी येऊन बसले होते. तेवढ्यात नीलेशचा मोबाइल वाजला. अमेरिकेत सकाळ झाली होती. पडद्यावर पिंकी उगवली.

"हॅपी थँक्सगिव्हिंग! आजोबा, आजीला थँक्यू म्हटलं का?"

नरहरी चष्मा पुसू लागले.

"प्रॉमिस केलं होतं ना तुम्ही रविवारी! म्हटलं का नाही?"

सुशीलाबाई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या. "हे पोट्टीनं सांगितलं होतं तुमाले?"

"हो, पण म्हणजे..."

"आतून वाटलं म्हणे! आतून!"

"पण डॉक्टर?" नरहरी उसळून म्हणाले. "मागच्या आठवड्यात मले बाहेर पाठवून डॉक्टरांनी तुले काय सांगितलं? आता लपवू नको. माझी तयारी आहे."

"तुमचं कायले सांगतीन? माह्या गुडघ्याचं दाखवून राहिली होती मी! ऑपरेशन करा लागन म्हणाले, म्हणून गप्प होती. तुमचं तर काही नाई म्हणाले, नुसता खोकला!"

"म्हणजे मी मरून नाई राहिलो?"

"तुम्ही कायले मरता!" असं म्हणून सुशीलाबाई मटकन पाटाजवळ बसल्या आणि मोठ्याने रडू लागल्या. "दिवसभर देवीले हात जोडून राहिली मी. म्हटलं, बाई, कसाही असू दे, खेकसू दे, टॉवेल फेकू दे, पण राहू दे..."

नरहरींचा जीव भांड्यात पडला. ते भिंतीला टेकवून ठेवलेल्या शिडीचाच आधार घेऊन उभे राहिले. नीलेश हसत होता आणि हसता हसता डोळे पुसत होता. बायकोच्या गुडघ्याचं आपल्याला माहीतही नव्हतं, हे मात्र नरहरींना बोचलं. ते पुढे झाले, आणि सगळ्यांदेखत बायकोला हात देऊन उठवलं. सुशीलाबाई उठल्या, नाक पुसलं आणि सरळ चहा टाकायला गेल्या.

चहा आला. नरहरींनी घोट घेतला, आणि जिभेवरचा जुना राग आपोआप वर आला. "हा चहा आहे का भांडं विसळलेलं पाणी? साखर कुठे गेली?"

सुशीलाबाईंनी डोळे मिटून देवीला हात जोडले. "ठीक आहेत," त्या म्हणाल्या.

दयाराम भैयांनीही सुटकेचा श्वास सोडला आणि उठून शिडी खांद्यावर घेतली. "हव, तो फिर ये मैं ले जाता हूं भैया. छत की पुताई अभी बाकी है."

सगळे हसले. खिरीचं झाकण निघालं, ताटं मांडली गेली. नरहरींनी खीर चाटूनपुसून खाल्ली, आणि मीठ नसलेल्या पदार्थाचं कौतुक कसं करतात हे ठाऊक नसल्यामुळे गप्प राहिले. मोबाइल समोर टेकवलेलाच होता, त्यातून राधिका आणि पिंकी पाहत होत्या.

"आता आजीचा नंबर," पिंकी म्हणाली. "आजी, तू आजोबांना कशासाठी थँक्यू म्हणणार?"

नरहरी सावरून बसले. दिवसभर एवढे हाल झाले, आता निदान काहीतरी ऐकायला मिळेल. चेहऱ्यावर 'कशाला, कशाला' असा भाव आणून ते वाट पाहू लागले.

सुशीलाबाईंनी पिंकीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. हातातला चमचा तसाच खिरीच्या वाटीत राहिला. नीलेशचा हात पोळीवर थांबला. कुणी हलेना, बोलेना.

"हॅलो?" अमेरिकेतून राधिकाचा आवाज आला. "हॅलो, आई? पिंकी, तिकडचं अटकलं वाटते गं. सगळेच फ्रीझ झाले. मी कट करून परत लावते."

"अवं, लावू नको," सुशीलाबाई छतावरची नजर न काढता म्हणाल्या. "नेटवर्क ठीक आहे. आठवून राहिली मी."