मल्लिनाथअण्णांचा टक

आमच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ एका दुपारी मल्लिनाथअण्णांनी हाताने धरून बंद केलं. विचारलं नाही, सवरलं नाही. दारात चपला काढल्या, स्टूल ओढून त्यावर चढले, लंबक धरला आणि कान टवकारून उभे राहिले. मग म्हणाले, "हे न्हाई." उतरले आणि चालते झाले. मी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बघत बसले. निदान घड्याळ पुन्हा चालू करून जावं माणसाने, पण तेवढी रीत अण्णांना कुणी शिकवलीच नव्हती.

अण्णा म्हणजे आमचे सोलापूरच्या भवानी पेठेतले शेजारी. दोन घरांत भिंत एकच. जकात नाक्यावर कारकून होते. ठेंगणे, जाड भिंगाचा चष्मा, आणि डोक्यावरची टोपी एका कानावरून कायम वर सरकवलेली, कारण टोपीने ऐकू कमी येतं असं त्यांचं मत. नाक्यावर ट्रक आला की हे पोत्यांवर काठी मारायचे आणि आवाजावरून आत काय आहे ते सांगायचे. ट्रकवाले त्यांच्या नावाने बोटं मोडायचे. अण्णांना त्याचं काही नाही. "मोडू द्या की, त्यांचीच बोटं हायत," म्हणायचे.

तर हा माणूस त्या दिवसांत एक टक शोधत होता. कसला टक, ते सांगते.

त्यांच्या बायको शांतावहिनी गायच्या. कार्यक्रम वगैरे नाही, घरात, स्वतःसाठी. रोज सकाळी तंबोरा घेऊन बसायच्या आणि मुलांचे शाळेचे डबे भरण्याची माझी घाई त्या तंबोऱ्यावर चालायची. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पायही थोडा आला, उजवा हात मात्र आला नाही. तंबोरा छेडायचा तो उजव्या हाताने. पुतणी म्हणाली, काकू, मी छेडते, तुम्ही गा. वहिनी उसळल्या. "माझ्या गाण्याला दुसऱ्याची बोटं नगंत. गायचं न्हाई तर न्हाई." तंबोऱ्याला गवसणी चढली आणि तो कोपऱ्यात उभा राहिला. नवरा-बायको दोघंही सारखेच हट्टी. कोण कुणाला समजावणार?

अण्णांनी समजावलं नाहीच. ते सात रस्त्याच्या बाजारात गेले आणि पिशवीभर सामान घेऊन आले. ट्रान्झिस्टर, तारा, एक छोटा स्पीकर. रेडिओ दुरुस्तीचा कोर्स त्यांनी कधीतरी टपालाने केला होता, तेवढ्या भांडवलावर. शिवणयंत्राचं जुनं लाकडी झाकण उलटं करून त्याची पेटी केली आणि त्यात सगळं बसवलं. बटण दाबलं की त्यातून तंबोऱ्यासारखे सूर एकामागून एक यायचे. पंचम, षड्ज, पुन्हा षड्ज, खालचा षड्ज, आणि परत पहिल्यापासून. हात लावायला नको. सगळी गल्ली ऐकायला लोटली. मी तर चाटच पडले.

वहिनींनी पडल्या पडल्या ऐकलं. "सूर बरं हायत," म्हणाल्या. "पण दर सुराच्या आदी टक वाजतोय. त्यो गेल्याबिगर मी तोंड उघडणार न्हाई."

मला टक ऐकू आला नाही. कसा येणार? आमच्या पेठेत सकाळपासून यंत्रमाग सुरू होतात. चादरी विणणारे ते माग इतके खडखडतात की आम्ही घरातसुद्धा ओरडूनच बोलतो, आणि बाहेरगावी गेलो की लोक विचारतात, भांडताय का? पण अण्णांना टक ऐकू आला. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून आमची झोप उडाली.

आधी त्यांना वाटलं, टक बाहेरून येतोय. म्हणून आमचं घड्याळ गेलं. मग त्यांच्याच घरातल्या तसबिरीमागची पाल गेली. मोरीतल्या गळक्या नळाला फडकं बांधलं. मी खलबत्त्यात शेंगदाणे कुटत होते, तर भिंतीपलीकडून हाक आली, "बाई, जरा थांबा की." थांबले. "चालू द्या. तुमचं न्हाई." जसं काही मी चोर होते आणि आता सुटले.

मग त्यांना वाटलं, टक विजेच्या तारेतून येतोय. शेजारच्या नरसय्याशेठचे माग चालले की विजेत ठिणग्या पडतात आणि त्या तारेतून पेटीत शिरतात. अण्णा थेट मागाच्या कारखान्यात गेले. मीही मागोमाग गेले. खोटं कशाला बोलू, मला गंमत बघायची होती.

"शेठ, माग बंद करा."

नरसय्याशेठ तेलुगूत काहीतरी पुटपुटले. मग मराठीत म्हणाले, "अण्णा, हितं माझं सगळं आयुष्य खडखडाटात गेलं. तुम्हाला एवढुसा टक सोसंना?"

"तुमच्या खडखडाटावर कुनी गानार न्हाई, शेठ. माझ्या पेटीवर गानार हाय."

शेठ मागांना आठवड्याची सुट्टी असते त्या दिवशी पेटी लावून बघा म्हणाले. त्या दिवशी पेठ एकदम मुकी झाली आणि तेव्हा मला पहिल्यांदा तो टक ऐकू आला. अगदी बारीक. पण एकदा ऐकू आला की मग दुसरं काही ऐकूच येईना. म्हणजे माग बिचारे निर्दोष होते. टक पेटीच्या पोटातच होता.

सात रस्त्याच्या रेडिओवाल्याने पेटी ऐकली आणि म्हणाला, "चालतंय की, अण्णा." झालं. आमच्या सोलापुरात गळकी बादली, मोडकी सायकल, उशिरा आलेला जावई, सगळंच चालतंय की. अण्णा भडकले. "चालतंय म्हनून तर सगळं असं चाललंय," म्हणाले आणि पेटी काखेत मारून पायी घरी आले. पुढे गल्लीतल्या भजनी मंडळाची माणसं आली. पेटी आम्हाला द्या, टाळांच्या गजरात टक कोण ऐकतंय? अण्णांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. "ही पेटी एकीसाठी हाय. तिला ऐकू येतंय."

मी एकदा न राहवून वहिनींना म्हटलं, "अहो, एवढ्याशा टकासाठी किती जीव घ्याल त्यांचा?" वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. "चुकीच्या सुरावर गायचं त्यापरीस मुकं बसलेलं बरं," म्हणाल्या. मला राग आला. खरंच आला. दोन अडेलतट्टू एका छपराखाली, आणि मधे ती पेटी.

उत्तर शेवटी वहिनींकडूनच निघालं. मी ताक द्यायला गेले होते. अण्णा पेटी उघडून डोकं धरून बसले होते. एकदम म्हणाले, "शांते, तार छेडताना तू नेमकं काय करायचीस?" वहिनींनी डाव्या हाताने त्यांचं मनगट जवळ ओढलं आणि त्यावरून बोटाचं पेर हळूच फिरवलं. "असं. झटका द्यायचा न्हाई. बोट सुटतं तसा सूर येतो." मी ताकाचं भांडं ठेवलं आणि उगाच दाराबाहेरच्या शेळीकडे बघत बसले.

अण्णा मनगटाकडे बघत राहिले. मग मलाच सांगू लागले. त्यांच्या पेटीत सूर लागायचा तो एका दमात, पूर्ण जोराने. दार धाडकन उघडावं तसा. त्या धाडकन उघडण्याचाच तो टक होता. सूर हळू चढला पाहिजे. त्यांनी सूर हळूहळू सोडणारा एक कंडेन्सर बसवला. पहिल्यांदा तो इतका मोठा निघाला की प्रत्येक सूर गाय हंबरल्यासारखा यायला लागला. आमच्या दारातली शेळी दोनदा ओरडली. मग लहान बसवला, मग त्याहून लहान. आणि सुट्टीच्या दिवशी माग थांबले तेव्हा पेटी लावली, तर टक नाही. सूर येत होते, जात होते. वहिनी डोळे मिटून कितीतरी वेळ ऐकत राहिल्या.

"माझ्या पट्टीत लावा," म्हणाल्या.

पेटीच्या कडेला सूर खालीवर करायचं एक काळं बटण होतं. अण्णांनी ते फिरवून वहिनींच्या जुन्या पट्टीत सूर लावला. त्यांना उशीला टेकवून बसवलं. वहिनींनी षड्ज लावला आणि माझ्या अंगावर काटा आला. इतक्या दिवसांनी. पण दोन-तीन आवर्तनं झाली आणि आवाज खाली सरकू लागला. पेटी वर, आवाज खाली. मला कळतं तेवढ्यालाही कळलं. वहिनी थांबल्या. त्यांचा चेहरा काळवंडला.

"माझा सूर लागंना."

"तुझा कशाला?" अण्णा म्हणाले. "पेटी चढलीया. ऊन हाय की. तापली की चढती ही." आणि त्यांनी काळं बटण किंचित खाली फिरवलं.

पेटीवर माझा हात होता. ती गार होती.

वहिनी पुन्हा गाऊ लागल्या. आवाज पुन्हा थोडा उतरला, अण्णांचा हात पुन्हा बटणाकडे गेला. ज्या माणसाने माझं घड्याळ सोडलं नाही, पाल सोडली नाही, तो सगळा दोष आपल्या हाताने घडवलेल्या पेटीवर घालत होता आणि चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा हलू देत नव्हता. वहिनींनी डोळे उघडले. सगळ्या पेठेला न ऐकू येणारा टक ऐकणारी बाई ती. तिने त्या बटणावरच्या हाताकडे पाहिलं, मग अण्णांकडे पाहिलं.

"आता बरोबर हाय पेटी," म्हणाल्या आणि डोळे मिटून गात राहिल्या.

अण्णांनी बटणावरचा हात काढला नाही. वहिनींचा आवाज जिकडे जाईल तिकडे ते पेटीला हळूहळू नेत होते.